तीन कानांत तीन गोष्टी

७ मार्च, शनिवार

ही वही मंडळाने दिली. निळी, जाड पुठ्ठ्याची, वर पेनही दिलं. म्हणाले, मनात येईल ते लिहा, कुणी वाचणार नाही. कुणी वाचणार नाही असं कोणी आपणहून सांगितलं की माझ्या मनात पहिली शंका तीच येते. म्हणून वही पिठाच्या डब्यात ठेवायची ठरवलीय. आमच्या घरात त्या डब्यात हात घालणारी मी एकटीच. सून सगळं विकतचं आणते.

मी तिसरीपर्यंत शिकले. तिसरीचीही परीक्षा दिली नाही, गोवर आला होता. पण अक्षर वाईट नाही. इस्पितळाच्या धुलाईखान्यात सव्वीस वर्षं चादरींच्या याद्या मीच लिहीत होते.

तर झालं असं. बाहेरच्या देशांतून आपल्याकडे राहायला, कामाला येणाऱ्या माणसांचा कायदा बदलायचाय. वरच्या लोकांचं आपसात जमेना. तेव्हा त्यांनी ठरवलं, साध्या माणसांना विचारू. आमच्या भागातल्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि पंधरा उचलल्या. पाच शनिवार बसायचं, बोलायचं, शेवटी हात वर करून शिफारस करायची. त्या पंधरांत माझं नाव.

मुलाने पत्र उजेडात धरून पाहिलं. म्हणाला, "आई, यात काहीतरी फसवाफसवी असेल. सही कुठे करू नकोस."

सून म्हणाली, "नाही हो, खरंच असणार. चिठ्ठ्या टाकल्या म्हणून तर आईंचं नाव आलं. विचार करून कुणी घेतलं असतं का?"

मी म्हटलं, "अगं, फार विचार केला असता तर तूही या घरात आली नसतीस." नात हसत सुटली. मुलगा उठून बाहेर गेला. तो बस आगारात वेळा लिहितो. भांडण वेळेवर सुटलं की त्याला बरं वाटतं.

खरं सांगायचं तर मला इतका आनंद झालाय की काल झोप लागली नाही. एकाहत्तर वर्षांत मला पहिल्यांदाच कुणी लेखी विचारलं, की बाई, तुमचं मत काय. लग्नातसुद्धा तोंडी विचारलं नव्हतं.

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बसलो. गळ्यात अडकवायला बिल्ला दिला. टेबलं घोड्याच्या नालासारखी मांडलेली. प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटं, मग एक बाई लहानशी घंटी वाजवते. मी तिला घंटीवालीच म्हणते. तिने नियम सांगितला, तुम्ही स्वतः काय बोललात ते बाहेर सांगा हवं तर, पण दुसरा काय बोलला ते या दाराबाहेर न्यायचं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

घरी आले आणि जेवताना सगळं सांगून टाकलं. घरच्यांना सांगणं म्हणजे काही बाहेर नेणं नव्हे.

९ मार्च, सोमवार

आमच्या मंडळातल्या दोघांवर माझी नजर आहे. एक खाटीक. मोठा आवाज, मोठे हात, सगळ्यांशी पाच मिनिटांत गट्टी. इतकी गट्टी मला रुचत नाही. दुसरा चौकीवाला. एकतीस वर्षं सरहद्दीच्या चौकीवर कागद तपासत होता, आता निवृत्त. तो बोलत काही नाही, नुसता लिहीत बसतो. लिहितो ते हाताने झाकतो. आता तुम्हीच सांगा, झाकण्यासारखं काय असेल? (मी कुणाला विचारतेय कोण जाणे, वही तर पिठात असते.)

तिसरी घरातलीच. सुईवाली.

ती रोज सकाळी साडेसातला येते, माझ्या पोटाला साखरेच्या आजाराची सुई टोचते आणि डाव्या पायाची जखम धुऊन पट्टी बदलते. घरोघरी परिचारिका पाठवणाऱ्या एका एजन्सीतून येते, दोन वर्षं झाली. नाव लांबलचक आहे, तिकडचं. मी एकदा घेतलं तर हसून म्हणाली, "आजी, हे तुम्ही माझ्या गावाचं नाव घेतलंत." तेव्हापासून सुईवाली. हात इतका हलका की टोचलं ते कापूस फिरवल्यावर कळतं.

पण कुठेतरी पाणी मुरतंय. मुलगी आहे म्हणते, आठ वर्षांची, तिकडे आईपाशी ठेवलीय. आणि सहा वर्षांत ही एकदाही भेटायला गेलेली नाही. मी विचारलं, "अगं, सुट्टी काढ, जाऊन ये." तर म्हणाली, "जाता येतं आजी, येता येत नाही." असं कोड्यात बोलायचं आणि पट्टी गुंडाळायला लागायचं. पोटच्या पोरीला भेटायला जात नाही ती आई कसली? मला तर शंका आहे, मुलगी आहे तरी का.

आज तिने विचारलं, "तुमच्या मंडळात काय काय चाललंय?" दोन वर्षांत तिने मला माझ्या शौचाशिवाय काही विचारलं नव्हतं.

१४ मार्च, शनिवार

आज मी बोलले. 

आधी एका बाईंनी आकडे दाखवले, किती माणसं येतात, किती जातात, किती कागद नसताना राहतात. कागद नसताना म्हणजे परवाना संपला तरी परत गेले नाहीत ते. मग एकेकाची दोन मिनिटं.

खाटीक म्हणाला, "माझ्याकडे चौघे कापायला आहेत, चौघेही बाहेरचे. आपल्यातला कुणी पहाटे चार वाजता उठून गारठ्यात मांस उचलायला तयार असेल तर उद्या पाठवा. मी पाटी लावून थकलो."

चौकीवाला पहिल्यांदा बोलला. "कागद नसलेला माणूस वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण मी एकतीस वर्षं ज्यांना परत पाठवलं ते वेडे होते का? ते कागदावर तारीख संपली म्हणून रडत परत गेले. जे लपले त्यांना आता बक्षीस द्यायचं, तर गेलेल्यांना मी काय तोंड दाखवू?"

हे मला पटलं. तरी त्याच्यावरचा संशय गेला नाही. पटेल असं बोलणाऱ्या माणसापासून जास्त सांभाळून राहावं लागतं.

मी सांगितलं, "धुलाईखान्यात चादर आत आली की मी एक रेघ मारायचे, बाहेर गेली की आडवी रेघ. संध्याकाळी एकही उभी रेघ एकटी राहता कामा नये. देशाचंही तसंच ठेवा. किती आत, किती बाहेर, मेळ लागला पाहिजे." टाळ्या नाही पडल्या पण घंटीवालीने लिहून घेतलं. मी तिरक्या नजरेने पाहिलं, तिने 'चादर' हा शब्द खरंच लिहिला.

खाटीक मधल्या सुट्टीत म्हणाला, "आजी, चादर फाटली तर काय करायचात?"

"शिवायचो."

"आणि हरवलेली सापडली तर?"

"तर ठेवून घ्यायचो. फेकतंय कोण?"

तो हसला आणि निघून गेला. मला वाटतं त्याने मला कशात तरी पकडलं, पण कशात ते अजून कळलं नाही.

१७ मार्च, मंगळवार

नातीने सकाळी पेपर वाचून दाखवला. आमच्या मंडळाचं छापून आलंय. 'पहाटे चार वाजता उठणारा आपल्यातला कुणी असेल तर पाठवा,' एक सदस्य म्हणाले. हे खाटकाचं वाक्य, शब्दन् शब्द.

 हे वाक्य मी शनिवारी घरी सांगितलं होतं. रविवारी खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीला सांगितलं. सोमवारी सुई टोचून घेताना सुईवालीला.

दुपारी घंटीवालीचा फोन. सगळ्यांनाच करतेय म्हणाली, नियमाची आठवण द्यायला. सगळ्यांनाच करत असेल तर माझ्याशी बोलताना मध्येच थांबली का? खाई त्याला खवखवे म्हणतात ते खरं, पण मी तर खाल्लंच नाही, नुसतं वाढलं. माझा बिल्ला काढून घेतील या भीतीने जेवण गेलं नाही.

घरभेदी शोधायलाच हवा.

१८ मार्च, बुधवार

धुलाईखान्यात एकदा मुकादमाच्या कानाला कुणीतरी लागत होतं. आम्ही बायका काय बोललो ते संध्याकाळी त्याला ठाऊक. तेव्हा मी घडी घालायच्या टेबलाची प्रमुख होते. मी काय केलं, तिघींवर संशय होता, तिघींना तीन वेगळ्या थापा सांगितल्या. एकीला म्हटलं सोमवारी सुट्टी, एकीला म्हटलं साबण बदलणार, एकीला म्हटलं मुकादमाची बदली. दोन दिवसांत मुकादम विचारत आला, "माझी बदली कुठे?" सापडली. तिने नंतर वर्षभर माझ्याकडे पाहिलं नाही. मी मात्र महिनाभर मिरवले.

तीच युक्ती आज केली. तीन कानांत तीन गोष्टी.

सुनेला म्हटलं, "कुणाला सांगू नकोस, दहा वर्षं राहिल्याशिवाय कागद द्यायचे नाहीत असं ठरतंय."

शिंपिणीला म्हटलं, "दोन वर्षं सरहद्दच बंद होणार आहे बाई, एक माणूस आत येणार नाही."

सुईवालीसाठी जरा विचार केला. तिने परवा पट्टी बांधता बांधता विचारलं होतं, "जे आधीपासून इथे आहेत, काम करतात, पण कागद संपलेत, त्यांचं काय ठरतंय?" अगदी सहज विचारल्यासारखं, मान वर न करता. म्हणजे पेपरवाल्याला हेच हवं असणार. माशाला आवडतं ते गळाला लावावं. म्हणून म्हटलं, "तुला म्हणून सांगते. या महिनाअखेरपर्यंत जे आपणहून कचेरीत जातील, जुने कागद घेऊन, त्यांना माफी आहे, नवे कागद मिळणार. थांबले ते गेले."

तिच्या हातातली पट्टी खाली पडली. तिने ती उचलली आणि पिशवीतून दुसरी काढली. पडलेली ती कधी वापरत नाही.

सापडलीस, मी मनात म्हटलं.

२० मार्च, शुक्रवार

भाजीवाला मला सांगतो, "आजी, ऐकलंत का, दोन वर्षं सरहद्द बंद." मी म्हटलं कुणी सांगितलं. म्हणे, न्हाव्याने. न्हाव्याला विचारलं तर म्हणे, सगळ्यांना माहीत आहे. शिंपिणीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे कळलं, पण ते आधीही ठाऊक होतं. सुनेकडून काही फुटलं नाही. ती माझं बोलणं ऐकतच नाही, मग फुटणार काय.

राहिली सुईवाली. आज तिने खोदून खोदून विचारलं. कुठली कचेरी? स्टेशनजवळची की नदीपलीकडची? कुठल्या खिडकीवर? मी आता मागे कशी येणार? खोट्याला एकदा उभं केलं की अंगभर कपडे घालावे लागतात. म्हटलं, "नदीपलीकडची. चार नंबरची खिडकी. सकाळी लवकर जावं लागतं म्हणतात." ती म्हणाली, "तुम्ही हे आत ऐकलंत ना आजी?"

"माझ्या या कानांनी."

तिने माझा पाय दोन्ही हातांत धरून क्षणभर तसाच ठेवला. मग मोजा चढवला. इतका जिव्हाळा दाखवायचा म्हणजे काय समजायचं.

२१ मार्च, शनिवार

आज फजिती झाली, पण आतल्या आत.

बसल्या बसल्या खाटीक म्हणाला, "पेपरात आलं ते मीच सांगितलं. तो वार्ताहर माझ्या दुकानात येतो. माझं बोलणं मी सांगितलं, दुसऱ्याचं नाही. नियमात बसतं की नाही?" घंटीवाली म्हणाली, बसतं.

म्हणजे मी साप साप म्हणून भुई धोपटत होते. इतकं हसू आलं की खोकला काढावा लागला. चौकीवाल्याने पाण्याचा पेला पुढे सरकवला. त्याची वही उघडी होती. मी डोकावले. त्यात पक्षी काढलेत. नुसते पक्षी, रांगेने, तारेवर बसलेले.

आज चर्चा कागद संपलेल्यांचीच होती. कुणी म्हणे सगळे परत, कुणी म्हणे सगळ्यांना कागद. काही ठरलं नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा हाच विषय, आणि चार एप्रिलला हात वर करायचे.

घरी येताना ठरवलं, सुईवालीला सोमवारी सांगून टाकू, ते चार नंबरचं काही मनावर घेऊ नकोस म्हणून. रविवारी तिची सुट्टी असते, त्या दिवशी सून टोचते.

२३ मार्च, सोमवार

सुईवाली आली नाही. एजन्सीने एक ढोल्या माणूस पाठवला, त्याने सुई टोचली की खिळा ठोकला कळेना. ती कुठे म्हणून विचारलं तर म्हणाला, ठाऊक नाही.

बघा, आता ही का गायब झाली? पेपरवाल्याचं नसेल तर दुसरं काही असेल. माझा संशय उगाच नव्हता.

२४ मार्च, मंगळवार

सुनेने सांगितलं. ओट्याशी उभी राहून, पाठ माझ्याकडे करून सांगितलं.

सुईवाली काल सकाळी सहा वाजता नदीपलीकडच्या कचेरीत गेली. बरोबर सगळे जुने कागद, भाड्याच्या पावत्या, एजन्सीचं पत्र, मुलीचा फोटो. तिचा परवाना चार वर्षांपूर्वीच संपलेला होता. एजन्सीला माहीत होतं, त्यांनी कमी पगारात ठेवून घेतली होती. कचेरीने तिला परत सोडलंच नाही. मागच्या इमारतीत ठेवलंय. परत पाठवणार. सुईवालीबरोबर खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीचा सुनेला फोन आला होता.

मग सून वळली. "आई, शुक्रवारी जिन्यात तिने मला थांबवलं होतं. विचारलं, आजी सांगतात ते खरं असेल ना. मी म्हटलं, आमच्या आई फटकळ आहेत, संशयी आहेत, पण खोटं बोलत नाहीत."

मी पायावरची पट्टी चाचपली.

"तुम्हीच सांगितलंत ना तिला? मला दहा वर्षं म्हणालात, तिला माफी म्हणालात. खरं काय होतं?"

"काहीच नव्हतं," मी म्हटलं.

२६ मार्च, गुरुवार

काही लिहिण्यासारखं नाही. ढोल्या येतो. पोटावर काळेनिळे डाग पडलेत.

जाता येतं, येता येत नाही. कोडं नव्हतंच ते. सरळ सांगत होती.

२८ मार्च, शनिवार

माझी दोन मिनिटं आली तेव्हा उभी राहिले. बसून सांगण्यासारखं नव्हतं.

सगळं सांगितलं. पहिल्या शनिवारपासून सगळ्यांचं बोलणं घरी नेत होते ते, तीन थापा, चार नंबरची खिडकी, आणि ती आता कुठे आहे ते. दोन मिनिटं केव्हाच झाली असतील, घंटी वाजली नाही. बघितलं तर घंटीवालीने घंटी मुठीत धरली होती.

"आजी," ती म्हणाली, "हे बोललात त्यावर मला नियमाप्रमाणे..."

"नियम मी ऐकलाय. म्हणून तर सांगतेय." मी बिल्ला काढून टेबलावर ठेवला. दोरी केसांत अडकली, ती शेजारच्या बाईंनी सोडवली.

खाटीक म्हणाला, "माझ्या चौघांच्या कानावर हे गेलं असतं तर चौघेही रांगेत उभे असते. आजी, तुमची थाप कुणालाच थाप वाटली नसती. शहाण्या माणसाने असंच काहीतरी ठरवलं असतं असं वाटावं, अशी होती ती."

मला रडू आलं नाही, राग आला. इतकी शहाणी थाप मारायची मला काय गरज होती?

जिन्यात चौकीवाला मागून आला. माझा संशय अजून पुरता गेला नव्हता, म्हणून मी कठड्याला धरून उभी राहिले. तो म्हणाला, "बाई, सुनावणी होईपर्यंत नागरिकाच्या हमीवर सोडतात. अर्ज असतो. कुणी मागत नाही म्हणून खिडकीत ठेवत नाहीत. मागितला की खालच्या खणातून काढतात."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मी तो खण लावायचो."

"तुम्ही तर म्हणत होतात, लपलेल्यांना बक्षीस नको."

"अजूनही म्हणतो. पण ही लपलेली नाही. ही स्वतः चालत आली."

३१ मार्च, मंगळवार

चौकीवाल्याबरोबर गेले. आधी तिला भेटू दिलं. टेबलाच्या पलीकडे बसली. केस बांधलेले नव्हते, मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं.

म्हणाली, "आजी, चार नंबरची खिडकीच नाही तिथे. तीनच आहेत. मी तिन्हीकडे विचारलं."

मग म्हणाली, "तुम्हाला कुणी खोटं सांगितलं का?"

तिने मला निसटायला दार उघडून दिलं होतं. हो म्हटलं असतं तर मी निसटले असते, आणि तिनेही ते मानलं असतं. 

मी म्हटलं, "नाही. मीच रचलं. तू पेपरवाल्याला बातम्या देतेस असं वाटलं होतं."

तिला कळायला वेळ लागला. मग तिने विचारलं, "कुठला पेपर?"

तेवढंच. उठली आणि वेळ शिल्लक असताना आत निघून गेली.

हमीचा अर्ज खरंच खालच्या खणातून निघाला, धूळ झटकून दिला. अटी अशा, सुनावणीपर्यंत हमी देणाऱ्याच्या घरी राहायचं, दर सोमवारी कचेरीत सही करायची, काम करायचं नाही. पळाली तर जबाब हमीदाराने द्यायचा.

घरी मुलगा म्हणाला, "आई, माझी नोकरी सरकारी. उद्या विचारलं तर?"

मी म्हटलं, "घर माझ्या नावावर आहे. धुलाईखान्याने दिलंय. सही माझी लागते, तुझी नाही."

"आणि पळाली तर तुला नेतील."

"नेऊ देत. तिथे चादरी धुवायला कुणी तरी लागतच असेल."

सून म्हणाली, "तिची खाट आईंच्या खोलीत लावू." मुलाने तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "बघता काय? जिन्यात मी हमी दिलीच होती, तोंडी."

६ एप्रिल, सोमवार

आज तिला आणलं. तिची एकच पिशवी. नातीची खाट आत लावली, नात बाहेर झोपेल. ती कुणाशी बोलली नाही. सुनेला फक्त धन्यवाद म्हणाली.

संध्याकाळी खाटीक मुद्दाम जिने चढून आला, लिफ्ट बंद होती. शनिवारी हात वर झाले त्याचं सांगायला. आता सगळं जाहीर झालंय म्हणून सांगायला हरकत नाही म्हणाला. त्याने प्रस्ताव मांडला होता, जे आपणहून येतील त्यांना पकडू नये, मुदत द्यावी, कागद करून द्यावे.

"मग?"

"सात एका बाजूला, सात दुसऱ्या. एकमत नाही असं लिहून वर पाठवलं."

"चौकीवाल्याने?"

"माझ्याबरोबर वर केला. मलाही खरं वाटलं नाही."

पंधरा माणसं का निवडली होती ते मला आज कळलं. सम झाली की अडतं. पंधरावी खुर्ची माझी होती. त्या खुर्चीवर मी असते तर कुठला हात वर केला असता? महिन्यापूर्वीची मी, की आताची? महिन्यापूर्वी चादरींची रेघ ओढणारीने परत पाठवा म्हटलं असतं. तेही आज खाटकाला सांगून टाकलं. तो म्हणाला, "आजी, आता जेवढं विचारलं तेवढंच सांगत जा."

दाराआड ती ऐकत होती का कोण जाणे.

९ एप्रिल, गुरुवार

ढोल्याने आज पुन्हा शिरेत घातली. रक्त आलं. ती खाटेवर बसून बघत होती. मी म्हटलं, "तूच टोच की गं." ती म्हणाली, "काम करायचं नाही, कागदावर लिहिलंय." ढोल्या गेल्यावर मात्र उठली, कापूस घेतला, डागावर दाबून धरला आणि मिनिटभराने परत जाऊन बसली. ते कामात धरतात का मला माहीत नाही. मी कुणाला विचारणारही नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

सुनावणीचं पत्र आलं. मी वाचलं आणि तिला सांगितलं, "सतरा जून, अकरा वाजता." तिने पत्र माझ्या हातातून घेतलं, स्वतः वाचलं. मग सुनेकडे नेलं, तिच्याकडून वाचून घेतलं. मग नातीकडून.

  सगळ्यांवर संशय घेण्यात माझा जन्म गेला, पण कुणी माझ्यावर घेतला की कसं लागतं ते मला ठाऊक नव्हतं. दातात अडकल्यासारखं लागतं. जीभ तिथेच जाते.

तेव्हापासून एक करते. रोज तिला एखादी अशी गोष्ट सांगते जी तिला जाऊन बघता येईल. मोठं काही नाही. कायद्याचं तर नाहीच.

१९ एप्रिल, रविवार

परवा सांगितलं, नळाला पाणी आलंय. ती गेली, नळ सोडला, बंद केला, आली. काल सांगितलं, खाली शिंपिणीने दुकान लवकर बंद केलं. खिडकीतून वाकून पाहिलं. दुपारी सांगितलं, साखर संपलीय. डबा उघडून पाहिला. सून म्हणाली, "तुमचं दोघींचं हे काय चाललंय?" मी म्हटलं, "हजेरी."

आज संध्याकाळी जेवणाआधी म्हटलं, "आपल्या मजल्यावरचा जिन्यातला दिवा गेलाय."

ती उठली. चपला घातल्या, दार उघडलं, बाहेर गेली. या वेळी जरा जास्त वेळ लागला. माझ्या मनात लगेच आलंच, पळाली की काय. आलं ते लिहिते, लपवत नाही. मी खुर्चीचे हात धरून बसून राहिले.

दार वाजलं. ती आत आली, चपला काढल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दुसऱ्या मजल्यावरचाही गेलाय."

दोन आठवड्यांत तिने आपणहून मला सांगितलेली ही पहिली गोष्ट. मी म्हटलं, "हो का." आणि बसूनच राहिले. बघायला गेले नाही.